वेसावे : मुंबईत गेलेले कोळीगाव

अंधेरीच्या पश्चिमेला, मालाडची खाडी समुद्राला मिळते तेथे वेसावे (वर्सोवा) हे कोळ्यांचे गाव आहे. मुंबईच्या मूळ सात बेटांत ते कधीच नव्हते, ते त्यांच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटावरचे गाव. 1534 च्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि खाडीचे मुख राखण्यासाठी त्यांनी पलीकडे मढला किल्ला बांधला. वसईच्या मोहिमेत, 1739 मध्ये, तो मराठ्यांनी घेतला. 1774 च्या अखेरीस ठाण्यापाठोपाठ तो इंग्रजांच्या हाती पडला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. मात्र किल्ल्यावरची निशाणे बदलली म्हणून गावाचा दिनक्रम फारसा बदलला असेल असे वाटत नाही, कारण तो भरती-ओहोटीवर आणि डोल जाळ्यांत (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत) येणाऱ्या बोंबील-जवळ्यावर चालत होता.

1845 मध्ये मुंबईला साष्टीशी जोडणारा माहीमचा बांध झाला, पुढे रेल्वे आली, तरी अंधेरी स्थानक आणि वेसावे यांच्यामध्ये काही किलोमीटरची शेते व खाजण, म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी खारी जमीन, होते. 1950 मध्ये महापालिकेची हद्द उपनगरांपर्यंत वाढली तेव्हा वेसावे कागदोपत्री मुंबईत आले. गाव शहरात विरघळले ते या वर्षी, असे सर्रास लिहिले जाते, पण ते वरवरचे आहे. खरा फरक पडला तो मधले खाजण भरले जाऊन 1980 च्या दशकात लोखंडवाला संकुलासारख्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा. भरावाखाली गेलेल्या खाजणाबरोबर भरतीच्या पाण्याची जागा गेली आणि शहराच्या सांडपाण्याचा भार खाडीवर आला.

कोळीवाड्याची अडचण मुळात जमिनीची आहे. घराइतकीच कोळ्याला किनाऱ्यावरची मोकळी जागा लागते : होड्या ओढून ठेवायला, जाळी विणायला, बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळवायला. ही जागा पिढ्यान्‌पिढ्या सामाईक वापरात असते, पण ती कुणा एकाच्या नावावर नसते, म्हणून नियोजनकाराला ती रिकामी दिसते. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी विशेष तरतूद केली खरी, पण घराच्या बांधकामाला मुभा मिळाल्याने वाळवणीची जागा सुरक्षित होत नाही. त्यासाठी सीमांकन व्हावे, ही कोळीवाड्यांची मागणी आहे.

1961 मध्ये वेसाव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. 2014 मध्ये मेट्रो धावू लागली आणि तिच्या शेवटच्या स्थानकाला वर्सोव्याचे नाव मिळाले, जरी ते स्थानक कोळीवाड्यापासून बरेच आत आहे. पावसाळ्यातील मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा होते. मढला जाणारी फेरीबोट अजून येथूनच सुटते. वांद्रे ते वर्सोवा सागरी सेतू आणि तेथून उत्तरेकडचा किनारी रस्ता या कामांमुळे आता प्रश्न जमिनीपुरता उरलेला नाही, कारण सेतूचे खांब थेट मासेमारीच्या पाण्यात उभे राहतात.