सूर्याचा उजेड गाळणारा माणूस

नवतपा लागला की नागपूरकर सूर्याला फक्त चुकवत असतो. तोंडाला दुपट्टा, घरात कूलर, दुपारी रस्ते ओस. नेमकं त्याच दिवसांत, २६ मेच्या सुमारास, सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते. एवढ्या उजेडात सूर्याचा अभ्यास सोपा असेल, असं कुणालाही वाटेल. पण अडचण उजेडाचीच आहे. सगळे रंग एकदम अंगावर येतात आणि त्यात बारकावे बुडून जातात.

यावर तोड काढली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल याने. जन्म शिकागोतला, १८६८ चा. वडिलांचा लिफ्ट बनवायचा मोठा धंदा होता आणि पोराच्या नादापायी पैसा सोडायची दानतही होती. १८८९ साली, शिकागोत ट्रामने जाताना, हेलला युक्ती सुचली. सूर्यबिंबाची एक बारीक पट्टी फटीतून घ्यायची, तिचा वर्णपट पाडायचा आणि दुसऱ्या फटीतून त्यातली एकच रेषा, म्हणजे एखाद्या मूलद्रव्याचा ठरलेला रंग, समजा कॅल्शियमचा, पुढे सोडायची. बाकी उजेड वाया गेला तरी चालेल. पहिली फट बिंबावरून सरकत जाते तसतसं फोटोच्या काचेवर त्या एकाच रंगातलं अख्ख्या सूर्याचं चित्र उमटतं. हाच स्पेक्ट्रोहेलिओग्राफ.

पुढे कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर त्याने १९०४ साली वेधशाळा उभारली. तिथे दुसरा शत्रू भेटला, तापलेली जमीन. मे महिन्यात वर्धा रोडवर लांबचा ट्रक लहरताना दिसतो ना, तसंच सूर्याचं बिंब दुर्बिणीत थरथरतं. म्हणून हेलने ६० फुटी मनोरा बांधला, आरसे वर ठेवले आणि वर्णपट घ्यायचं यंत्र जमिनीखालच्या गार खड्ड्यात बसवलं. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावात उभी आहे तीही याच कारणाने, पाण्यावरची हवा कमी खवळते म्हणून. (आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, याचं थोडं वाईट वाटतं.)

त्याच मनोऱ्यात १९०८ साली हेलने सूर्यावरच्या काळ्या डागांच्या वर्णपटातल्या रेषा दुभंगलेल्या पाहिल्या. प्रकाशाचा उगम चुंबकीय क्षेत्रात असेल तर रेषा अशाच फुटतात, हे डच भौतिकशास्त्रज्ञ झीमन यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं होतं. म्हणजे डाग हे प्रचंड चुंबक निघाले, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट ताकदीचे! पृथ्वीबाहेर सापडलेलं हे पहिलं चुंबकीय क्षेत्र. पुढच्या वर्षांत आणखी एक गंमत कळली. डाग जोडीने येतात, एक उत्तर ध्रुव तर दुसरा दक्षिण. सूर्याच्या उत्तर गोलार्धात जो क्रम, त्याच्या उलट दक्षिणेत. आणि साधारण ११ वर्षांनी नवं चक्र सुरू झालं की दोन्हीकडचा क्रम पालटतो. तेव्हा सूर्याचं खरं चक्र ११ चं नाही, २२ वर्षांचं.

जग हेलला ओळखतं ते मात्र दुर्बिणींमुळे. यर्क्स वेधशाळेतली ४० इंच व्यासाची (१८९७), मग माउंट विल्सनवर ६० इंची (१९०८) आणि १०० इंची (१९१७). कुणाच्या खिशात हात घालायचा याचा त्याचा अंदाज अचूक होता. त्या वेधशाळेला पैसा देणारा यर्क्स हा ट्राम कंपन्यांचा मालक, नाव फारसं चांगलं नाही. कार्नेगी, रॉकफेलर हे बडे उद्योगपती तर होतेच. १०० इंचीनेच खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी देवयानी ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं दाखवलं. या सगळ्या ओढाताणीत हेलचं मन मात्र वारंवार ढासळत गेलं. १९२३ मध्ये त्याने संचालकपद सोडलं, तरी घराजवळ एक सौर प्रयोगशाळा थाटलीच. कॅलिफोर्नियातल्याच पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीसाठी पैसाही त्यानेच उभा केला. ती १९४८ साली सुरू झाली तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती.

मला विचाराल तर या चारही दुर्बिणींपेक्षा त्या दोन फटी मोठ्या. २०२३ मध्ये झेपावलेल्या आदित्य-एल१ या भारताच्या सौर यानावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलेली ‘सूट’ दुर्बीण आहे. तीही अतिनील उजेडातले ठरावीक पट्टे तेवढे निवडून सूर्याची चित्रं घेते, आणि त्यातला एक पट्टा कॅल्शियमचाच आहे.