निर्वाह वेतन : जॉन ए. रायन यांची मांडणी

निर्वाह वेतन म्हणजे मजूर आणि त्याचे कुटुंब माणसासारखे जगू शकेल एवढी मजुरी. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले होते, की मजूर राजी झाला म्हणून तुटपुंजी मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्याचा निर्वाह तीत व्हायलाच हवा. मात्र ‘निर्वाह’ किती रुपया-डॉलरांचा, हे परिपत्रक सांगत नाही. तो हिशेब अमेरिकन धर्मगुरू व अर्थतज्ज्ञ जॉन ए. रायन (१८६९–१९४५) यांनी ‘अ लिव्हिंग वेज’ (१९०६) या ग्रंथात केला.

त्यांनी कुटुंब धरले ते नवरा, बायको आणि चार-पाच मुलांचे; कमावता एकटा बाप. अन्न, कपडे, घरभाडे, जळण यांबरोबर आजारपण व म्हातारपणाची तजवीजही धरली. वर्षाला ६०० डॉलरांपेक्षा कमी मजुरी अमेरिकेतील कोणत्याच शहरात निर्वाहापुरती नाही, आणि सर्वांत मोठ्या शहरांपैकी काहींत तर ६००ही पुरत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. किमान ६० टक्के प्रौढ पुरुष कामगार या रेषेखाली होते.

६०० डॉलर म्हणजे ३०० दिवस रोज २ डॉलर. मंदीत किंवा आजारपणात ४० खाडे पडले, की हाती ५२०च. म्हणून रोजंदारीचा दर पाहून गरिबी मोजणे फसवे असते.

अविवाहितालाही पूर्ण कुटुंबाचे वेतन द्यावे, असे रायन म्हणत. नाहीतर मालक स्वस्तात पडणारे एकटे गडीच कामावर घेतील. नफा-व्याजाचा हक्क मजुरीनंतरचा. पण एकट्या मालकाने मजुरी वाढवली तर तो स्पर्धेत मार खातो, म्हणून कायदा हवा. मांडणीतील कच्चा दुवा बायकांबाबतचा आहे : त्यांना फक्त स्वतःपुरते वेतन. पोरे पदरी असलेल्या विधवेचा हिशेब त्यात बसत नाही.

रायन यांच्या मसुद्यावरून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९१३ मध्ये स्त्रिया व अल्पवयीनांसाठी किमान वेतन कायदा झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधील तसाच कायदा रद्द केला आणि १९३७ मध्ये ती भूमिका बदलली. १९३८ च्या संघीय कायद्याने किमान मजुरी ताशी २५ सेंट व कामाचा आठवडा ४४ तासांचा ठरवला. शेतमजूर आणि घरकामगार वगळलेलेच राहिले.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद ४३ निर्वाह वेतनाचे नाव घेतो, आकडा देत नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने मात्र किमान वेतनासाठी रायन यांच्यासारखाच कौटुंबिक खर्चाचा ताळा मांडला : एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके (एक एकक म्हणजे एका प्रौढाचा खर्च), प्रौढामागे २,७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. बायकोची कमाई इथेही हिशेबाबाहेरच.

अमेरिकेतील १९३८ चा दर आठवड्याचे ४४ तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे यांनी गुणला तर ५७२ डॉलर येतात. रायन यांनी ६०० मागितले होते, आणि तेही बत्तीस वर्षांपूर्वीच्या भावांनी.