दीर्घकाळ औषध सोडणारी गोळी : साहाय्यक द्रव्यांचे कार्य

गोळीतील औषध पोटात गेल्यावर एकदम न सुटता बारा ते चोवीस तास थोडे थोडे सुटत राहावे, अशा रीतीने बनवलेल्या गोळीला दीर्घकाळ औषध सोडणारी गोळी म्हणतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानांत ती पाकिटावरच्या ‘एसआर’ (सस्टेन्ड रिलीज), ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ (दोन्ही एक्स्टेंडेड रिलीज) या अक्षरांवरून ओळखली जाते. साध्या गोळीत आणि हिच्यात मूळ औषध बहुधा एकच असते. फरक असतो तो साहाय्यक द्रव्यांत, म्हणजे औषधाखेरीज गोळीत घातलेल्या पदार्थांत. औषध किती वेगाने सुटावे हे हीच द्रव्ये ठरवतात, त्यामुळे त्यांना ‘निष्क्रिय घटक’ म्हणण्याची रूढी येथे दिशाभूल करणारी आहे.

सर्वाधिक प्रचलित रचनेत औषधाची भुकटी हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) मिसळून दाबली जाते. सब्जाचे बी भिजल्यावर त्याच्याभोवती जसे पारदर्शक, बुळबुळीत आवरण धरते, तसेच या गोळीभोवती धरते. अशी गोळी पेलाभर पाण्यात ठेवून काही तासांनी कापली, तर बाहेर जेलीचा थर आणि मध्ये अजून कोरडा, कठीण गाभा दिसतो. पाण्यात सहज विरघळणारे औषध या थरातून पाझरत बाहेर येते; न विरघळणारे औषध मात्र थर बाहेरून झिजत जाईल तसतसे सुटते. थर जाड होत गेला की औषधाची वाटही लांबते. औषधनिर्माणशास्त्रज्ञ ताकेरू हिगुची यांनी १९६१ मध्ये मलमांसाठी मांडलेले आणि पुढे अशा गोळ्यांना लावले गेलेले समीकरण हेच सांगते, की सुटलेले औषध काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणजे दुप्पट औषध सुटायला चौपट वेळ लागतो.

बहुवारिक किती घातले याइतकेच ते कोणत्या प्रतीचे आहे हेही निर्णायक ठरते. ‘के४एम’ आणि ‘के१००एम’ या प्रतींच्या दोन टक्के द्रावणांची श्यानता (दाटपणा) अनुक्रमे सुमारे ४,००० आणि १,००,००० मिलिपास्कल-सेकंद असते. दुसरीचा थर अधिक घट्ट, म्हणून झीज कमी. कणांचा आकार सहसा दुर्लक्षिला जातो, पण कण भरड असतील तर थर जुळून येण्याआधीच पाणी आत शिरते आणि गोळी फुटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन पाण्यात अतिशय विरघळते आणि त्याची मात्राही मोठी, ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. त्याला आवरायला बहुवारिकही भरपूर लागते, आणि म्हणूनच ती गोळी गिळायला एवढी मोठी होते. गवारीच्या बियांचा डिंकही याच कामी वापरता येतो.

भर म्हणून घातलेले लॅक्टोज विरघळून गोळीत पोकळ्या सोडते आणि औषधाचा वेग वाढवते. न विरघळणारे डायकॅल्शियम फॉस्फेट तसे करत नाही. बहुवारिक पुरेसे असेल तर हा फरक बराच पुसला जातो. मॅग्नेशियम स्टिअरेट हे वंगण बहुधा एक टक्क्याच्या आतच असते, तरी मिश्रण जास्त वेळ घोळवल्यास ते कणांवर पसरते, पाणी झिडकारते आणि गोळीही ठिसूळ करते.

तर्षण दाबावर (ऑस्मॉटिक प्रेशरवर), म्हणजे आवरणातून आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याच्या दाबावर, चालणाऱ्या गोळीची तऱ्हा वेगळी आहे. तिच्यावर सेल्युलोज ॲसिटेटचे आवरण असून त्याला लेझरने बारीक छिद्र पाडलेले असते. आत शिरणारे पाणी औषधाला त्या छिद्रातून जवळजवळ एकसारख्या वेगाने ढकलते. रिकामे कवच शौचावाटे अखंड बाहेर पडते. ते पाहून रुग्ण घाबरतात, पण औषध तोवर शरीरात गेलेले असते.

पुण्यातील फार्मसी महाविद्यालयांत विद्यार्थी या सर्व घटकांची पारख विद्रावण चाचणीने (डिझोल्यूशन टेस्टने) करतात. ३७ अंश सेल्सिअसच्या, बहुधा ९०० मिलिलिटर द्रवात गोळी सोडून वल्ह्याने ढवळत ठरावीक तासांनी नमुने काढले जातात. साध्या गोळीला एक वेळबिंदू पुरतो. येथे किमान तीन लागतात, कारण सुरुवातीला फार सुटणे आणि शेवटी अडकून राहणे हे दोन्ही दोष टिपायचे असतात.

घरी मात्र ही सारी रचना खलबत्त्याच्या एका घावाने मोडते. गिळता येत नाही म्हणून वृद्ध आई-वडिलांना गोळी कुटून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि ती धोक्याची आहे, कारण दिवसभराचे औषध त्यामुळे एकदम रक्तात उतरू शकते. मद्यानेही काही बहुवारिके विरघळतात. याच कारणाने २००५ मध्ये अमेरिकेत हायड्रोमॉर्फोन या तीव्र वेदनाशामकाच्या दीर्घकाळ चालणाऱ्या कॅप्सूल बाजारातून काढून घेण्यात आल्या. रक्तदाबावरील मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्यांत प्रत्येक सूक्ष्म दाण्यावर स्वतंत्र लेप असतो, म्हणून मधल्या खाचेवर त्यांचे दोन तुकडे करता येतात. चावण्याची किंवा कुटण्याची मुभा मात्र त्यांनाही नसते.