खुलासा : शिशाचा रंग खाल्ला तरच बाधतो का?

'मूल रंगाचे पोपडे तोंडात घालत नसेल तर जुन्या रंगाची भीती नाही,' असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते चूक आहे. जुन्या रंगातले शिसे हा विषारी धातू पोटात जातो तो बहुतेकदा धुळीतून. खिडकी चौकटीला घासते, जुना ऑइलपेंट झिजतो, बारीक धूळ फरशीवर बसते. रांगणाऱ्या बाळाचे हात तिथेच टेकतात आणि मग तोंडात जातात. मेंदूची वाढ होत असताना शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटबाबत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांबाबत, सावध राहा.

खरा घात होतो तो दिवाळीआधी कोरडा पॉलिशपेपर मारताना. रंग जाळून काढणेही तितकेच वाईट. घट्ट बसलेला रंग खरवडू नका, त्यावरच नवा हात द्या. सुटलेला असेल तर पाणी मारून घासा आणि खाली प्लॅस्टिक अंथरा. काम संपेपर्यंत मुले व गरोदर बाई दुसरीकडे राहू देत. नंतर झाडू नको, ओले फडके फिरवा. आणि रंगाऱ्याला चांगला मास्क द्याच. ती धूळ सर्वांत जास्त त्याच्याच छातीत जाते.