मल्याळमचे दोन चिल्लू : दिसायला एक, साठवायला वेगळे

मल्याळममध्ये 'अवन्' म्हणजे 'तो'. यातला शेवटचा न् लिहायला साध्या 'न'चा पाय मोडत नाहीत. त्यासाठी उजवं टोक वर वळवलेलं वेगळं अक्षरच आहे. स्वर नसलेल्या अशा अक्षरांना चिल्लू म्हणतात. नेहमीचे पाच : ण्, न्, र्, ल्, ळ्. क् चा चिल्लू क्वचितच भेटतो.

कागदावर इथे काहीच गोंधळ नाही. संगणकात मात्र हा न् दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

जुनी तऱ्हा तीन तुकड्यांची : न, मग चंद्रकला (पाय मोडायचं मल्याळम चिन्ह), मग झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे स्वतः न दिसणारं जोडचिन्ह. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडची (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक मानक) ५.१ ही आवृत्ती आली आणि सहा चिल्लूंना ०डी७ए ते ०डी७एफ असे स्वतःचे क्रमांक मिळाले. न् चा ०डी७बी. 'अवन्' पाचाऐवजी तीन क्रमांकांत बसू लागला, यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणपद्धतीत १५ ऐवजी ९ बाइट.

जागा वाचली हे किरकोळ. खरा प्रश्न त्या न दिसणाऱ्या जॉइनरचा. तो गळाला की उरतो नुसता चंद्रकला लावलेला न, आणि मल्याळममध्ये शब्दाच्या शेवटी चंद्रकला आली की तिथे ओझरता 'उ' उच्चारतात. 'अवन्'चं 'अवनु' होतं, म्हणजे 'तो'चा थेट 'त्याला'! आणि जॉइनर गळणं नवलाचं नाही. अनेक प्रणाली त्याला नगण्य मानतात. डोमेन नावांच्या २००३ च्या नियमांत तर तो सरळ काढूनच टाकला जाई. नव्या चिल्लूच्या बाजूने दिलं जाणारं उदाहरण झकास आहे : 'वन्-यवनिका' म्हणजे मोठा पडदा आणि 'वन्य-वनिका' म्हणजे रानटी उपवन. जुन्या पद्धतीत या दोघांत फरक फक्त एका जॉइनरचा.

तरीही स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग या गटाने नव्या क्रमांकांना विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आधीचा सगळा मजकूर जुन्या पद्धतीत, त्यात दिसायला सारखं पण आतून निराळं असं दुसरं रूप आणायचं म्हणजे शोध बिघडणार आणि फसव्या वेबपत्त्यांनाही वाट मिळणार. माझ्या मते नवा चिल्लू हवाच होता, पण हे दुखणं खरं ठरलं. युनिकोडने दोन्ही रूपांना समतुल्य म्हटलेलं नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एकसारखी करण्याची ठरीव प्रक्रिया) केलं तरी ती एक होत नाहीत. पुढेही होणार नाहीत, कारण एकदा दिलेल्या अक्षराचं विघटन (ते कोणत्या तुकड्यांच्या बरोबरीचं मानायचं ते) बदलायचं नाही हा युनिकोडचाच नियम. म्हणून ज्याने त्याने आपापली सोय करायची. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत जुने चिल्लू नव्यात बदलणारी खास मल्याळम सोय आहे.

'एन्टे' (माझा) या रोजच्या शब्दात तर आणखी मजा. त्यातलं जोडाक्षर काही जण साधा न, चंद्रकला आणि ठसठशीत 'ऱ' असं साठवतात, तर युनिकोड ५.१ ने चिल्लू न्, चंद्रकला, 'ऱ' असा क्रम सांगितला. दोन्ही सर्रास सापडतात. तेव्हा चिल्लू बदलून घेतले म्हणजे मजकूर एकसारखा झाला, असं समजू नये.

मराठीत हे परकं वाटायचं कारण नाही. 'दऱ्या' हा शब्द 'ऱ' आणि हलन्त वापरून टंकता येतो. 'दर्‍या' असा साधा र, हलन्त आणि जॉइनर वापरूनही. दुसऱ्यातला जॉइनर गेला की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो! इथेही युनिकोड ही दोन रूपं आपोआप एक करत नाही. मजकूर साफ करणारी स्क्रिप्ट लिहिताना क्रम सांभाळायचा तो इथेच : आधी जॉइनरवाला र् बदलून 'ऱ्' करा, मल्याळममध्ये जुना चिल्लू बदलून नवा करा, आणि मगच उरलेल्या जॉइनरना हात लावा.