ओढ्याचं पाणी माळावर, ओढ्याच्याच जोरावर

बालाघाटाच्या डोंगररांगेत दर एक-दोन वर्षांनी हेच होतं. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पाऊस ओढ देतो. खाली ओढा खळखळत असतो आणि वर माळावर पीक माना टाकतं. मोटार लावावी तर लाईट रात्रीची, डिझेल परवडत नाही. अशा वेळी ओढ्यालाच कामाला लावता येतं: त्याच्या पडत्या पाण्यावर चाक फिरवायचं आणि त्या चाकानं पंप चालवायचा.

बंधाऱ्याच्या सांडव्यावरून सेकंदाला ५० लिटर पाणी एक मीटर खाली पडतंय असं धरू. त्यातून सुमारे ४९० वॅट शक्ती मिळते. चाकात नि पंपात निम्म्याहून जास्त वाया जाईल, म्हणून हाती २०० वॅटच मोजू. तेवढ्यात सेकंदाला एक लिटर पाणी २० मीटर वर चढतं. बाकीचे ४९ लिटर चाक फिरवून खाली निघून जातात. एक लिटर फार थोडं वाटेल, पण हे चाक रात्रीही थांबत नाही. दिवसाचे ८६,४०० लिटर होतात! एकरभर रानावर ४ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १६,००० लिटर. म्हणजे पाच एकरांची रोजची सोय झाली.

पडत्या पाण्यावर चाक फिरवणं आपल्याकडे नवं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नहरीनं आणून त्यावर दळण दळलं जायचं. चाक मात्र जपून निवडावं. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्यानं १७५९ साली प्रयोगांनी दाखवलं, की वाहतं पाणी खालून पात्यांवर आदळतं त्या चाकापेक्षा पाणी वरून खणांत भरून वजनानं फिरणारं चाक साधारण दुप्पट काम देतं. पाणी पडायची उंची एक मीटरच असेल, तर पाणी चाकाच्या कमरेपाशी घ्यावं.

पंपाची मला सगळ्यात आवडलेली तऱ्हा १७४६ सालची, झुरिकच्या विर्त्स नावाच्या कारागिराची. चाकाच्या बाजूला पाइपाचे वेढे गुंडाळायचे. बाहेरचं तोंड दर फेऱ्याला पाण्यात बुडून एक घोट पाण्याचा, एक हवेचा घेतं. प्रत्येक वेढ्यातलं पाणी पुढच्या हवेला रेटतं, ती त्यापुढच्या पाण्याला. दाब वेढ्यावेढ्यानं साठत आसापर्यंत येतो आणि तिथून पाणी वर निघतं. झडप नाही, दट्ट्या नाही. दोन मीटर व्यासाचे वेढे, अडीच इंची पाइप आणि मिनिटाला सहा फेरे धरले, की सेकंदाला तो एक लिटर मिळतो. एका वेढ्यानं फार तर दोन मीटर उंची मिळते. हवा दाबली जाते म्हणून प्रत्यक्षात कमीच, तेव्हा २० मीटरसाठी दहाहून बरेच जास्त वेढे लागतात. आसापाशी फिरता सांधा गळू नये, हीच खरी कसोटी. पुरात वाहून येणाऱ्या काट्याकुट्यांसाठी पुढे जाळी हवी, आणि चाक उचलून बाजूला घेता यायला हवं.

आपले ओढे बारमाही नाहीत, म्हणून चाकाला वर शेततळ्याची जोड हवीच. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात उतरत्या बाजू धरून २२ लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. ओढा सलग वाहिला, तर २६ दिवसांत ते काठोकाठ भरतं.