जुनी पद्मिनी किंवा मारुती 800 घेताय? आधी आरसी बघा, मग गाडी

कमी बजेटमध्ये मुंबईत क्लासिक गाडी शोधणारे शेवटी पद्मिनी, जुनी 800, अँबॅसिडर नाहीतर प्रीमियरच्याच 118 एनईवरच येतात. माझं विचाराल तर पद्मिनी घ्या, आपल्या कुर्ल्यात बनलेली गाडी आहे, 1089 सीसीचं साधं इंजिन, आणि टॅक्सीच्या काळातले मेकॅनिक अजून तिला डोळे झाकून खोलतात. फक्त आरसीवर वाहनाचा प्रकार वाचा, पूर्वी टॅक्सी असेल तर सरळ सोडा.

सगळ्यात मोठा घोळ 'व्हिंटेज' नोंदणीचा. विकणारे कुठल्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतात, पण 2021 च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, खासगी वापराची आणि चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच बसते, म्हणजे 1985 ची पद्मिनी नाहीच. जी बसते तिच्यासाठी परिवहन पोर्टलवर फॉर्म 20, विमा, जुनी आरसी (परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद) आणि फी 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षं चालते. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारी घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जायचं स्वप्न असेल तर ही नोंदणी घेऊच नका.

आपल्या कामाची ती साधी नोंदणी. खासगी गाडीला 15 वर्षं, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म 25 भरायचा, विमा आणि पीयूसी चालू हवं, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यायची. 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी 10,000 रुपये झालीय, त्यात मुदत उलटून गेली असेल तर महिन्याला 500 रुपये उशिराचे, म्हणून स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारू नका, नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि नसेल करत तर तेवढे पैसे किमतीतून कापा.

नावावर करताना फॉर्म 29 आणि 30, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. हा प्रिंट सौदा ठरायच्या आधीच काढा. नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल हलक्या हाताने घासली की आकडे उमटतात, ते आरसीशी एकेक करून जुळवा. गंजाने एखादा आकडा खाल्लेला असेल किंवा नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंग दिसत असेल तर कितीही गोड गाडी असली तरी मागे फिरा, आरटीओत नेमकं तिथेच अडतं.

मूळ मालक वारलेले असणं तर नेहमीचंच, तेव्हा आधी वारसाने फॉर्म 31 भरून मृत्यूदाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची, मगच तुम्हाला विकायची. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, आणि ती बँक दुसरीत विलीन झाली असेल तर खेटे घालायची तयारी ठेवा.

अजून एक, आरसी कार्डाऐवजी पुस्तक असायची त्या काळातल्या नोंदी कधी कधी ऑनलाइन सापडतच नाहीत. नंबर टाकून गाडी दिसली नाही तर जिथे नोंद आहे त्याच आरटीओत, ताडदेव, अंधेरी, वडाळा जे असेल ते, बॅकलॉग एंट्री (जुन्या कागदी नोंदीची ऑनलाइन नोंद) आधी करावी लागते, त्याशिवाय पुढचा कुठलाच अर्ज उघडत नाही. टोकन द्यायच्या आधी हे तपासा.